मनगटावरची मधमाशी

जहाजावर पाऊल ठेवल्या ठेवल्या एका हसतमुख मुलीनं ताईंच्या मनगटावर मऊ राखाडी पट्टा चढवला, आणि ताई तिला ‘थँक यू’ म्हणायच्या आतच तो पट्टा थरथरला. त्यावर बारीक अक्षरं उमटली : ‘आजींना चाकांची खुर्ची हवी आहे का?’

“मला कशाला विचारतोय हा?” ताई म्हणाल्या. “आजी इथेच तर उभ्या आहेत.”

“अगं, ह्या जहाजाला सगळं कळतं!” बंड्या म्हणाला. “नवं कोरं आहे. आपण नुसतं लोळायचं. बाकीचं ते बघून घेतं.”

बंड्या म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. पन्नाशी आली, डोक्यावरचे केस गेले, ऑफिसात लोक साहेब म्हणायला लागले, तरी घरात तो बंड्याच राहिला. तिकिटं त्यानंच काढली होती. बायको, आठ वर्षांची चिमी, गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई, म्हणजे चिमीच्या आजी, आणि ताई असा सगळा लवाजमा घेऊन तो निघाला होता. फोनवर तो ताईंना म्हणाला होता, “तू आयुष्यात कधी सुट्टी घेतली आहेस का गं? आता घे. काही म्हणजे काही करायचं नाही तिथे.” फोन ठेवल्यावर ताईंना भरून आलं होतं. ते अगदी खरं होतं, आणि पुढे जे झालं त्यामुळे ते खोटं ठरत नाही.

ताईंनी उमेदीची सगळी वर्षं शाळेत घालवली, तीही पहिलीच्या वर्गात. नाकं पुसायची, नाड्या बांधायच्या, रडणाऱ्याला मांडीवर घेऊन उरलेल्यांना अक्षरं शिकवायची. निवृत्त झाल्या तोवर अण्णा, म्हणजे त्यांचे वडील, अंथरुणाला खिळले होते. मग शाळा सुटली आणि दवाखाना सुरू झाला. अण्णांच्या पलंगाशी श्वासाचं यंत्र असायचं. दिवसरात्र एका सुरात घुमायचं. त्या सुरात ताई झोपायच्या, कारण तो चालू आहे म्हणजे अण्णा ठीक आहेत. गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले आणि यंत्र कुणीतरी उचलून नेलं. तेव्हापासून ताईंना धड झोप नव्हती. घर इतकं शांत झालं की ती शांतताच त्यांना सारखी उठवायची. डोळा लागायचा, पण वरवर. जरा कुठे भांडं वाजलं की त्या उठून बसलेल्या.

तर अशा दमलेल्या बाई त्या जहाजावर आल्या.

जहाज खरंच पाहण्यासारखं होतं. सगळीकडे नव्या रंगाचा आणि गोंदाचा वास. दारांना कुलपं नव्हती. दार तुमचा चेहरा बघायचं आणि उघडायचं. लिफ्टला बटणं नव्हती. आत उभं राहिलं की तुम्हाला कुठे जायचंय ते तिचं तीच ठरवायची. गुडघ्याएवढी चाकांची गाडुली टॉवेल आणि चहा घेऊन बोळांतून फिरायची आणि समोर माणूस आला की अदबीनं भिंतीला चिकटायची. ताईंच्या खोलीला खिडकी नव्हती. खिडकीच्या जागी भिंतभर पडदा होता आणि त्यावर समुद्र दिसायचा, खऱ्यापेक्षा जरा जास्तच निळा. ताईंनी तो बंद करून टाकला.

पण मनगटावरचा पट्टा काही बंद होईना. पलंगावर पाठ टेकते न टेकते तोच तो थरथरला : ‘चिमीने सनस्क्रीन लावलेले नाही.’ ताई उठल्या, लावून आल्या. पुन्हा पाठ टेकली. ‘आजींची दुपारची गोळी.’ उठल्या. ‘आपल्या भावाने रात्रीच्या जेवणाची वेळ निवडलेली नाही.’ ‘आपल्या भावजयीच्या खोलीतील टॉवेल संपले आहेत.’ संपले आहेत तर त्या गाडुल्याला सांग ना बाबा, ताई मनात म्हणाल्या. पण गाडुल्याला पाठवायलाही ताईंची परवानगी लागत होती.

पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बंड्यानं मनातलं बोलून टाकलं.

“ताई, आता तू आमच्याकडेच राहायला ये. एकटी काय करतेस त्या दोन खोल्यांत? मागची खोली रिकामीच आहे. सुताराला सांगून ठेवलंय, तुझं कपाट करायला.”

“आईलाही सोबत होईल,” भावजय म्हणाली. “मी दिवसभर कामावर, आईचं सारखं काही ना काही असतं.”

“आणि माझा अभ्यास आत्या घेईल!” चिमी म्हणाली.

“बघ, सगळ्यांचंच भलं,” बंड्या म्हणाला. “परत बंदराला लागायच्या आत सांग. सुतार खोळंबलाय.”

ताईंनी सूपचा चमचा तसाच धरला. त्यांना त्या दोन खोल्या दिसल्या. अण्णांचा पलंग जिथे होता तिथे आता भिंतीवर चौकोनी फिकट डाग होता. तिथे काय ठेवायचं हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. काहीच ठेवायचं नाही, असंही कदाचित ठरलं असतं. पण ते ठरवायला जरा उसंत हवी होती. आता नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर? करायचं काय आहे, असं कुणी विचारलं तर सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांना नुसतं बसायचं होतं. आणि नुसतं बसायचंय, हे काय कारण झालं?

“बघते,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात पट्टा थरथरला. आजींना मिठाचं पथ्य होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मदत कक्षात गेल्या. तिथे पट्टा बांधणारी तीच मुलगी होती.

“बाळ, हे सगळ्यांच्याच हातात इतकं वाजतं का?”

मुलीनं समोरच्या काचेवर बोट फिरवलं. “नाही मॅडम. बाकीच्यांचं फक्त दार उघडायला आणि पैसे द्यायला. तुमच्या कुटुंबाची जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव आहे ना, म्हणून तुम्हाला सगळ्यांचं येतं.”

“हे काढता येतं?”

“काढता नाही येत, देता येतं. दुसऱ्या कुणी स्वीकारलं तर.” मग ती हसून म्हणाली, “आणि तुम्ही गाढ झोपलात तर आपोआप पुढच्या माणसाकडे जातं. पट्ट्याला नाडीवरून झोप कळते. मात्र एकदा गेलं की परत येताना तुम्हाला विचारूनच येतं.”

“गाढ झोपले तर?” ताईंना हसूच आलं. “मग कुठे जातंय ते!”

बंड्या डेकवर आरामखुर्चीत पडून कॉफी पीत होता. कॉफी यंत्राच्या हातानं ओतलेली होती, याचं त्याला कोण कौतुक.

“बंड्या, माझं नाव तू घातलंस?”

“कुठे?”

“जबाबदार म्हणून.”

“हां, ते होय! तिकीट काढताना विचारलं होतं. तुझंच घातलं.” तो अगदी सहज म्हणाला. “दुसऱ्या कुणाचं घालणार? बोट आपोआपच गेलं.”

ताईंना राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांना आठवलं, आई आजारी होती तेव्हा बंड्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही ताईच करायच्या. मग बंड्याच्या घरभाड्याला जामीन ताई. चिमीच्या शाळेत, आई-बाबा फोन उचलत नसतील तर कुणाला कळवायचं, तिथे ताई. अण्णांच्या दवाखान्यातल्या प्रत्येक कागदावर ताई. त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. श्वास घेताना कुणी ठरवून घेतं का? आणि खरं सांगायचं तर ताईंनीही कधी हात मागे घेतला नव्हता.

“तुला त्रास होतोय का?” बंड्यानं विचारलं. “त्रास असेल तर सांग हं.”

“नाही रे,” ताई म्हणाल्या, तेही आपोआपच.

दुपारी त्या चिमीबरोबर लाटांच्या तलावाशी बसल्या. समुद्रात राहून तलावात लाटा पाडायच्या, ही गंमत ताईंना कळेना. चिमी निथळत आली आणि त्यांच्या मनगटाला कान लावून बसली.

“आत्या, तुझी मधमाशी परत गुणगुणतेय.”

“तुझ्याबद्दलच सांगतेय. पाण्यात फार वेळ झाला म्हणते.”

“चुगलखोर आहे!” चिमी टॉवेलात शिरली. “तुझ्या शाळेतलं सांग ना. त्या बिल्ल्याचं.”

बिल्ल्याची गोष्ट चिमीनं अनेकदा ऐकली होती, तरी ताईंनी सांगितली. त्यांच्या वर्गात वर्गप्रमुखाला पुठ्ठ्याचा, वर चकचकीत कागद लावलेला बिल्ला असायचा. ज्याच्या छातीवर बिल्ला, त्यानं खडू आणायचा, फळा पुसायचा, रांग सरळ करायची. आणि दर सोमवारी बिल्ला बदलायचा. सगळ्यांना मिळायचा. दांडग्याला, मुखदुर्बळाला, रोज शाळेत येताना रडणाऱ्यालासुद्धा.

“रडणाऱ्याला का?”

“कारण बिल्ला लावला की तो रडायचा थांबायचा. रांग सरळ करायची असते ना, मग रडायला वेळ कुठला?”

“आणि हुशार मुलीला का नाही कायम?”

“कायम दिला तर दोन गोष्टी होतात बघ. बाकीच्यांना फळा पुसताच येत नाही. आणि तिला वाटायला लागतं, आपण पुसला नाही तर फळा पुसलाच जाणार नाही.”

चिमीनं थोडा विचार केला. “मग आपल्या घरी आता कुणाचा सोमवार आहे?”

ताई तिचे केस पुसत राहिल्या, जरा जास्तच जोरानं. चिमी “आई गं” म्हणाली तेव्हा त्यांचा हात थांबला.

परतीच्या आदल्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर बंड्या म्हणाला, “ताई, संध्याकाळी सुताराला निरोप पाठवतो हं. हो ना?” आणि त्या काही बोलायच्या आत तो नव्यानं आलेलं आईस्क्रीमचं यंत्र बघायला गेला. ताई लिफ्टमध्ये शिरल्या. त्यांना खोलीत जायचं होतं. लिफ्टनं त्यांना मुलांच्या मजल्यावर सोडलं. त्या पुन्हा आत गेल्या. लिफ्टनं त्यांना आजींच्या खोलीशी सोडलं. मग मात्र ताई जिन्यानं निघाल्या. खाली, आणखी खाली, जिथे पायऱ्या संपल्या तिथवर.

तिथे एक वाचनालय होतं. असणार होतं, म्हणू या. कपाटांत पुस्तकं अजून लागायची होती आणि खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं. एका भिंतीत मोठी काच होती. माणूस नाही, गाडुलं नाही. ताई एका मोठ्या खुर्चीत बसल्या, प्लास्टिक करकरलं. आणि मग त्यांना तो आवाज ऐकू आला. पायाखालून कुठूनतरी, जहाजाच्या पोटातून येत होता. एका सुरात, खोल, न थांबता. वरच्या मजल्यांवर गाण्यांच्या गोंगाटात तो कधी कानावर पडला नव्हता.

चालू आहे, ताईंच्या मनात आलं. म्हणजे ठीक आहे.

आणि त्या झोपल्या. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, हात मांडीवरून घसरलेला. मनगटावरचा पट्टा एकदा मंद उजळला आणि विझला.

“ताई! अगं ताई!”

त्यांनी डोळे उघडले. आपण कुठे आहोत हेच क्षणभर कळेना. समोर बंड्या उभा होता. शर्ट ओला, काखेत आजींची काठी, एका हातात चिमीची चप्पल, एकच. काचेबाहेरचं ऊन पार उतरलं होतं. हे ऊन आणि हा समुद्र मात्र खरे होते.

“केवढी शोधली तुला! हे बघ काय झालंय. हे सगळं माझ्याकडे आलंय!”

“काय आलंय?”

“सगळं!” त्यानं मनगट त्यांच्या नाकासमोर नाचवलं. “चिमी पाण्यातून निघेना, तर मला सांगतंय. मी तिला काढायला गेलो तर लाटेनं मलाच आत घेतलं. आई लिफ्टमध्ये चढल्या. लिफ्टनं त्यांना थेट नाचाच्या हॉलमध्ये नेलं. मी पोचेतो त्या तिथे बसून टाळ्या वाजवतायत, उठायचं नाव नाही! आणि ही—” त्यानं दम घेतला. “हिनं तोंडाला ते हिरवं काहीतरी फासलंय. दार तिला ओळखेना. ती बाहेर उभी, दार म्हणतंय, ‘क्षमस्व, आपण कोण?’ आणि ती माझ्यावर ओरडतेय!”

ताईंना हसू फुटलं. आवरायला गेल्या तर प्लास्टिकच करकरायला लागलं.

“हसू नको. माझ्या नाकी नऊ आलेत. एक दुपार नाही झाली अजून.” त्याचा पट्टा पुन्हा थरथरला तसा तो वैतागला. “हे परत तुझ्याकडे कसं पाठवायचं? इथे दाबायचं का?”

त्यानं दाबलं. ताईंच्या मनगटावर अक्षरं उमटली : ‘कुटुंबाची जबाबदारी आपल्याकडे येत आहे. स्वीकारता का?’ खाली दोन गोल होते. एक हिरवा, एक राखाडी.

ताईंचं बोट हिरव्याकडे निघालंसुद्धा. इतक्या वर्षांची सवय. ते अर्ध्या वाटेत थांबलं, कारण त्यांच्या अंगात अजून झोप होती. गोड, जड, कितीतरी महिन्यांनी मिळालेली. ती सांडू नये असं त्यांना वाटलं.

“दाब ना,” बंड्या म्हणाला.

वर्गात गलका झाला की ताई कधी आवाज चढवायच्या नाहीत. उलट इतक्या हळू बोलायच्या की ऐकायला पोरांना गप्प बसावं लागायचं. आत्ताही त्यांचा आवाज तसाच निघाला. ह्या वेळी मात्र ठरवून नाही, दमल्यामुळे.

“बंड्या, मी दमले रे.”

बंड्याचा हात खाली आला. ताईंच्या तोंडून हे वाक्य त्यानं कधी ऐकलं नव्हतं. अण्णांच्या शेवटच्या दिवसांतही नाही. तेव्हा त्यानं फोनवर रोज विचारलं होतं आणि रोज ‘मी मजेत आहे’ ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला होता.

“म्हणजे आज?” त्यानं विचारलं.

“आज नाही. कधीपासूनच.”

ताईंनी राखाडी गोल दाबला. अक्षरं पुसली गेली.

बंड्या शेजारच्या खुर्चीत बसला. ओल्या शर्टामुळे प्लास्टिक त्याच्या पाठीला चिकटलं. खालून तो सूर येत राहिला.

“मग सुताराचं?” तो अखेर म्हणाला.

“त्याला नको सांगू. मी येईन तुमच्याकडे, चार दिवस पाहुणी म्हणून. चिमीला गोष्टी सांगीन. पण राहायला नाही. मला माझ्या घरात बसायचंय.”

“एकटी? काय करणार तिथे?”

“ते माहीत नाही अजून.”

“मग आईंचं कसं होणार? हिची नोकरी, माझं ऑफिस...” बोलता बोलता तोच थांबला. आपण काय बोलतोय ते त्याच्याच कानावर पडलं असावं. त्यानं चिमीची चप्पल ह्या हातातून त्या हातात घेतली. “मला खरंच वाटलं होतं, तुला बरं वाटेल आमच्यात. देवाशप्पथ.”

“माहीत आहे मला. म्हणूनच नाही म्हणायला इतके दिवस लागले.”

तो रुसला होता. ओठ पुढे आले होते, लहानपणी यायचे तसेच. ते ओठ बघून, दोन्ही गोल पुन्हा उमटले तर हिरवा दाबावा, असंही क्षणभर ताईंच्या मनात आलं. पण पट्ट्यावर आता काहीच नव्हतं.

बंड्याचा पट्टा थरथरला. त्यानं वाचलं आणि सवयीनं ताईंकडे बघितलं. ताई काचेबाहेर बघत राहिल्या. त्या खऱ्या समुद्राला फारसा रंग नव्हता. राखाडी होता, जरा मळकाच.

“आईंना खाली आणायचंय,” तो पुटपुटत उठला. पाठीला चिकटलेलं प्लास्टिक त्यानं झटकलं, दारापर्यंत गेला, आणि मान वळवून म्हणाला, “आईंची संध्याकाळची गोळी जेवणाआधी की नंतर गं?”

ताईंना पाठ होतं. ओठांवर आलंही होतं.

“त्यांनाच विचार,” त्या म्हणाल्या. “त्यांना चांगलं ठाऊक आहे. कधी कुणी विचारलंच नाही त्यांना.”

“हो की,” बंड्या म्हणाला. मग काठी टेकत, एक चप्पल हातात घेऊन, तो जिना चढू लागला. लिफ्टच्या वाटेला तो गेला नाही.

ताईंनी समोरची खुर्ची ओढली, तिच्यावरचं प्लास्टिक सोलून काढलं, घडी करून बाजूला ठेवलं, आणि पाय वर घेतले.